निवृत्तीनंतर दरमहा ठरलेलं उत्पन्न: ॲन्युइटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीच्या वेळी पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं एकदम हातात येतं आणि पुढच्या महिन्यापासून पगार येत नाही. ही रक्कम पंचवीस-तीस वर्षं पुरवायची असते, आणि त्या काळात शेअर बाजार किती वेळा आपटेल हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी ॲन्युइटी कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणांतले ॲन्युइटीचे दर हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्षातले दर वय, पर्याय आणि खरेदीचा दिवस यांनुसार बदलतात.

ॲन्युइटी म्हणजे नेमकं काय?

विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि तिच्याकडून हयातभर ठरलेली पेन्शन घ्यायची. दिलेल्या रकमेला कागदोपत्री ‘खरेदी किंमत’ म्हणतात. ज्या दिवशी पॉलिसी निघते त्या दिवशीचा दर कायमचा पक्का होतो. पुढे सेन्सेक्स निम्मा झाला किंवा बँकांचे व्याजदर घसरले तरी तुमच्या खात्यात येणारा आकडा बदलत नाही. तसेच व्याजदर वाढले तर तो वाढतही नाही.

ॲन्युइटीकडे गुंतवणूक म्हणून पाहिलं की गल्लत होते. आयुर्विमा लवकर मरण्याच्या धोक्यावर असतो, तर ॲन्युइटी पैशांपेक्षा आयुष्य जास्त पुरण्याच्या धोक्यावरचा विमा आहे. ‘परतावा किती टक्के?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘तुम्ही किती वर्षं जगता त्यावर’ असं द्यावं लागतं.

बाजार पडला की निवृत्त माणसाला जास्त फटका का बसतो? पुढे तो सावरतोच ना?

बाजार सावरतो, पण तोवर विकून खाल्लेली म्युच्युअल फंडाची युनिट्स परत येत नाहीत. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २० हजारांच्या वर होता, मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्या खाली गेला. २०२० साली जानेवारीत ४२ हजारांना शिवलेला सेन्सेक्स २३ मार्चला एकाच दिवसात सुमारे १३ टक्के पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. नोकरीत असलेल्या माणसाची एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याची पद्धत) या काळात स्वस्तात युनिट्स घेत होती. निवृत्त माणूस मात्र घरखर्चासाठी तीच स्वस्तात विकत होता.

हिशेब करून पाहा. ५० लाख रुपये म्युच्युअल फंडात आहेत आणि दरवर्षी सुरुवातीला ३.६० लाख काढायचे आहेत. तीन वर्षांचे परतावे उणे ३०, अधिक १० आणि अधिक २५ टक्के, असे या क्रमाने आले तर तिसऱ्या वर्षाअखेर ३५.२१ लाख उरतात. हेच तीन परतावे उलट्या क्रमाने आले तर ३९.३७ लाख उरतात. काहीच काढलं नसतं तर दोन्ही बाबतींत ४८.१२ लाखच झाले असते. म्हणजे परतावे तेच, खर्चही तोच, फक्त वाईट वर्ष आधी आलं म्हणून चार लाखांहून जास्त तूट. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं नाजूक असतात ती यामुळेच. घरखर्चाचा गाभा ॲन्युइटीतून येत असेल, तर पडलेल्या बाजारात युनिट्स विकायची वेळ येत नाही.

एफडी आणि पोस्टाच्या योजना आहेत की, मग ॲन्युइटी कशाला?

त्या आधी घ्याव्यात, हेच आमचं मत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५-२६ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के होता आणि व्याज तिमाहीला मिळतं. पती-पत्नी दोघंही पात्र असतील तर दोघांची स्वतंत्र खाती निघतात. पैसे पाच वर्षांनी परत मिळतात, शिवाय मुदत तीन वर्षांनी वाढवता येते. ही मर्यादा भरण्याआधी ॲन्युइटी विकत घेणं बहुतेकांना महागात पडतं.

एफडी आणि पोस्ट यांचा कच्चा दुवा म्हणजे मुदत. ती संपली की त्या दिवशी जो दर असेल तो घ्यावा लागतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे उसने देते) ४ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांच्या एफडी संपल्या त्यांचं मासिक उत्पन्न खटकन खाली आलं. २०२५ मध्येही फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ७८ व्या वर्षी एफडीचं नूतनीकरण करताना दर काय असेल, हा धोका फक्त हयातभराची ॲन्युइटीच अंगावर घेते.

एकूण रकमेपैकी किती भाग ॲन्युइटीत घालावा?

टक्केवारीपासून सुरुवात करू नका. वही घ्या आणि जो खर्च टाळताच येत नाही तो लिहा. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका जोडप्याचा अंदाज असा धरू: किराणा, दूध, भाजी १४,०००, लाइट, गॅस, मोबाइल ४,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, औषधं आणि तपासण्या ६,०००, मेडिक्लेमचा हप्ता महिन्याला वाटून ५,०००, कामवाल्या मावशी ३,०००, घरपट्टी-पाणीपट्टी १,५००, प्रवास, आहेर, सणवार ५,०००. एकूण ४२,०००.

आता खात्रीचं उत्पन्न लिहा. ईपीएसची (पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन ३,००० आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतल्या ३० लाखांचं व्याज महिन्याला २०,५००. झाले २३,५००. तूट १८,५०० ची, म्हणजे वर्षाला २.२२ लाख. दोघांच्या हयातीपर्यंत चालणाऱ्या ॲन्युइटीचा दर ७.४ टक्के मिळाला, तर ही तूट भरायला ३० लाख लागतील.

या जोडप्याकडे एक कोटी असतील तर ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ३० लाख ॲन्युइटीत, आठेक लाख अडीअडचणीसाठी एफडीत आणि उरलेले ३२ लाख म्युच्युअल फंडात आठ-दहा वर्षं न हलवता ठेवता येतात. शेवटचा भाग पुढच्या महागाईसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. सगळे एक कोटी ॲन्युइटीत घालण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. तो पैसा एकदा गेला की मोठ्या शस्त्रक्रियेलाही सहसा परत मिळत नाही.

पर्याय आठ-दहा असतात. कोणता घ्यावा?

एलआयसीच्या जीवन अक्षय-७ मध्ये ‘ए’ ते ‘जे’ असे दहा पर्याय आहेत, आणि इतर कंपन्यांकडेही थोड्याफार फरकाने तेच असतात. मुळात प्रकार पाचच: फक्त हयातभर, हयातभर पण किमान ५, १०, १५ किंवा २० वर्षांची हमी, मृत्यूनंतर खरेदी किंमत वारसाला परत, दरवर्षी ठरावीक वाढ, आणि पती-पत्नी दोघांची संयुक्त.

घरात जोडीदार असेल आणि त्याचं किंवा तिचं स्वतंत्र उत्पन्न नसेल, तर संयुक्त हयात आणि मागे राहणाऱ्याला १०० टक्के पेन्शन, हाच पर्याय घ्यावा. दर थोडा जास्त दिसतो म्हणून पुष्कळ पुरुष फक्त स्वतःच्या हयातीची ॲन्युइटी घेतात. ते गेले की त्याच महिन्यात पेन्शन थांबते आणि पत्नीच्या हाती काहीच राहत नाही. पत्नी सहसा वयाने लहान असते, त्यामुळे तिला पुढे दहा-पंधरा वर्षं एकटीने काढावी लागू शकतात. १०० ऐवजी ५० टक्क्यांचा पर्याय स्वस्त पडतो खरा, पण माणूस एक कमी झाला म्हणून मेंटेनन्स, लाइट आणि घरपट्टी निम्मी होत नाही.

फार पर्यायांत गोंधळ होत असेल तर ‘सरल पेन्शन’ पाहा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेली ही प्रमाणित योजना आहे. तिच्या अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच आणि पर्याय दोनच: एकट्याची किंवा संयुक्त, दोन्हींत खरेदी किंमत परत. त्यामुळे फक्त दराची तुलना करून ठरवता येतं.

‘मूळ रक्कम परत’ हा पर्याय तर उत्तमच ना? पेन्शनही मिळते आणि पैसेही बुडत नाहीत.

सगळ्यात जास्त विकला जाणारा पर्याय हाच, आणि त्याची किंमत फार कमी लोक मोजून पाहतात. समजा साठीच्या माणसाला १० लाखांवर मूळ रक्कम परत घेऊन वर्षाला ६५,००० मिळतात आणि परत न घेता ८२,०००. फरक वर्षाला १७,००० चा, तोही हयातभर. पंचवीस वर्षांनी वारसाला १० लाख मिळतील, पण ६ टक्के महागाई धरली तर त्यांची किंमत आजच्या २ लाख ३३ हजारांइतकीच असेल.

आता दुसरी बाजू. ८२,००० च्या पर्यायात घातलेले पैसे परत यायलाच बारा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. ऐंशीपर्यंत जगलात तर परतावा सुमारे सव्वापाच टक्के, पंच्याऐंशीपर्यंत साडेसहा आणि नव्वदीपर्यंत सातच्या थोडा वर. ६५,००० च्या पर्यायात कधीही गेलात तरी तो साडेसहाच. म्हणजे पंच्याऐंशीच्या पुढे जगण्याची शक्यता असेल आणि घरखर्चालाच पैसे कमी पडत असतील, तर मूळ रक्कम सोडून द्यावी. मुलांसाठी ठेवायचं ते फंडात किंवा घराच्या रूपात ठेवता येतं. खर्च आरामात भागत असेल किंवा प्रकृती नाजूक असेल, तर मूळ रक्कम परत घेणंच बरं. ॲन्युइटी घेताना वैद्यकीय तपासणी होत नाही, त्यामुळे आजारी माणसाला जास्त दर मिळत नाही.

महागाईचं काय?

ॲन्युइटीचा सगळ्यात मोठा दोष हाच. ६ टक्के महागाईत आजचे २०,००० बारा वर्षांनी जेमतेम १०,००० चं काम करतात आणि वीस वर्षांनी ६,२०० चं. दरवर्षी ३ टक्के वाढणारा पर्याय ऐकायला बरा वाटतो, पण पुष्कळ योजनांत ही वाढ सरळ असते. पहिल्या वर्षी ६०,००० असतील तर दरवर्षी १,८०० च वाढतात. वीस वर्षांनी होतात ९६,०००, आणि तोवर महागाई तिपटीच्या पुढे गेलेली असते. शिवाय सुरुवातीचा आकडा बराच कमी मिळतो. त्यापेक्षा ॲन्युइटी टप्प्याटप्प्याने घ्यावी.

टप्प्याटप्प्याने म्हणजे कशी?

३० लाखांची घ्यायची असेल तर १० लाखांची साठाव्या वर्षी, १० ची पासष्टाव्या आणि १० ची सत्तराव्या. वय वाढलं की दर वाढतो, कारण कंपनीला कमी वर्षं पैसे द्यायचे असतात. एकाच वाईट दिवसाच्या व्याजदरात सगळे पैसे अडकत नाहीत. आणि दर पाच वर्षांनी उत्पन्नाला एक पायरी मिळते, तीही नेमकी महागाई टोचू लागते तेव्हा. मधल्या काळात न घातलेले पैसे एफडीत किंवा डेट फंडात (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात) असावेत, शेअर बाजारात नकोत.

निवृत्तीला अजून काही वर्षं असतील तर डिफर्ड ॲन्युइटीही मिळते. पैसे आज, पेन्शन पुढे. एलआयसीच्या न्यू जीवन शांतीत ती १ ते १२ वर्षं पुढे ढकलता येते. आजचा दर पक्का होतो हा फायदा, मधल्या वर्षांत पैसे अडकतात हा तोटा.

बाजार आत्ताच खूप पडलाय. फंड विकून ॲन्युइटी घेऊ का?

शक्यतो नको. पडलेल्या भावात विकून कमी झालेल्या रकमेवर हयातभराचा दर बांधून घेतला, की तोटा कायमचा होतो. आधी एफडी, पोस्ट, पीएफ यांतून ॲन्युइटी घ्या आणि फंड तसेच राहू द्या. हे टाळण्यासाठी घाई करायची ती आधी: पंचावन्न-छप्पनपासून दरवर्षी ॲन्युइटीच्या हिश्शाचा पाचवा भाग बाजारातून काढून सुरक्षित ठिकाणी हलवा.

एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) ॲन्युइटी सक्तीची आहे ना?

आहे, पण डिसेंबर २०२५ मध्ये नियम बरेच सैल झाले. बिगर-सरकारी सदस्यांची जमा १२ लाखांहून जास्त असेल तर आता किमान २० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते, पूर्वी ४० ची लागायची. ८ लाखांपर्यंतची जमा पूर्ण काढता येते. सरकारी कर्मचाऱ्यांना किमान ४० टक्के कायम आहे. मुदतीआधी बाहेर पडलात तर ८० टक्के ॲन्युइटीत जातात, म्हणून पन्नाशीतच खातं बंद करण्याची घाई करू नका.

साठीच्या वाढदिवशी बाजार पडलेला असेल, तर बाहेर पडण्याची सक्ती नाही. खातं चालू ठेवून ॲन्युइटी पुढे ढकलता येते. एकरकमी ६० टक्क्यांपेक्षा जास्त काढणार असाल, तर वरच्या भागावर कर लागतो का हे त्या वर्षीच्या तरतुदी पाहून सीएकडून तपासून घ्या.

पेन्शनवर कर किती?

विमा कंपनीकडून येणारी संपूर्ण ॲन्युइटी करपात्र उत्पन्न आहे. तिच्यात तुमचेच पैसे परत येत असले तरी तेवढा भाग वगळला जात नाही. स्वतः विकत घेतलेली ॲन्युइटी साधारणतः ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून धरतात, त्यामुळे पगाराच्या पेन्शनवर मिळणारी प्रमाणित वजावट तिच्यावर नसते. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर कलम ८०टीटीबीखाली ५०,००० ची वजावट होती, ती व्याजाला होती, ॲन्युइटीला नव्हे. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून निवासी व्यक्तीचं १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न रिबेटमुळे करमुक्त झालं, त्यामुळे मध्यमवर्गीय निवृत्तांना करझळ फारशी बसत नाही. ज्यांचं उत्पन्न वरच्या स्लॅबमध्ये आहे, त्यांच्यासाठी मात्र ॲन्युइटीचा हातात पडणारा दर बराच खाली येतो.

खरेदी किमतीवर पूर्वी १.८ टक्के जीएसटी पडायचा. वैयक्तिक आयुर्विमा पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागून घ्या.

कंपनी बुडाली तर?

बँकेतल्या ठेवींवर ५ लाखांचं विमाकवच असतं, तसं ॲन्युइटीला नाही. एलआयसीच्या पॉलिसींना १९५६ च्या एलआयसी कायद्याच्या कलम ३७ नुसार केंद्र सरकारची हमी आहे. इतर कंपन्यांना नियामकाच्या नियमाप्रमाणे सॉल्व्हन्सी रेशो (देणी भागवण्याची क्षमता दाखवणारं प्रमाण) किमान १५० टक्के राखावा लागतो आणि तो त्या जाहीर करतात. रक्कम मोठी असेल तर दोन कंपन्यांत विभागा.

मध्येच पैसे लागले तर?

खरेदी किंमत परत देणाऱ्या पर्यायांत सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे परत घेणं) किंवा कर्जाची सोय असते, फक्त हयातभराच्या पर्यायात सहसा नसते. सरल पेन्शनमध्ये सहा महिन्यांनंतर, ठरावीक गंभीर आजार झाला तरच खरेदी किमतीच्या ९५ टक्के परत मिळतात. आणीबाणीचा पैसा वेगळा असेल तरच ॲन्युइटीकडे वळा.

खरेदी करताना काय काय पाहायचं?

तीन कंपन्यांची कोटेशन्स एकाच दिवशी, एकाच पर्यायाची आणि पेन्शन मिळण्याच्या एकाच पद्धतीची (मासिक किंवा वार्षिक) घ्या. वार्षिक हप्त्याचा आकडा मासिकापेक्षा मोठा दिसतो, पण पैसे कालावधी संपल्यावर मिळतात. वार्षिक निवडलं तर पहिला हप्ता पॉलिसीनंतर एक वर्षाने येतो. घरखर्चासाठी मासिकच घ्या. वाढदिवस महिना-दोन महिन्यांवर असेल तर कोटेशन दोन्ही वयांचं मागा. थोडं थांबून दर वाढत असेल तर थांबावं. काही योजनांत ऑनलाइन थेट घेतल्यास दर थोडा जास्त मिळतो.

कागदपत्रांत पॅन, आधार, वयाचा दाखला आणि रद्द केलेला चेक लागतो. संयुक्त पर्यायात जोडीदाराचेही पॅन-आधार आणि वयाचा पुरावा द्यावा लागतो. पॅनवर ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’ असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे एकटीने दावा करायची वेळ आली की हेच अक्षर आडवं येतं. नॉमिनी म्हणून फक्त जोडीदाराचं नाव देऊन थांबू नका. तो आधी गेला तर नॉमिनी बदलायला हवा.

पॉलिसी हातात आल्यावर पहिलं पान वाचा. त्यावर ‘सिंगल प्रीमियम’ आणि ‘इमिजिएट ॲन्युइटी’ (लगेच सुरू होणारी पेन्शन) हे शब्द दिसले पाहिजेत. ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी गळ्यात मारली जाते, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्या वर्षी हप्ता मागणारं पत्र आलं की मगच ते कळतं. चूक दिसली तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लुक काळात लेखी अर्ज करून ती परत करता येते. मुद्रांक शुल्क आणि दिलेली पेन्शन वजा होऊन बाकी पैसे मिळतात. अर्जाची पोच जपून ठेवा.

पेन्शन अचानक थांबली. कारण काय असू शकतं?

बहुतेक वेळा हयातीचा दाखला. ज्या पर्यायांत तो दरवर्षी लागतो, तिथे तो पोचला नाही की हप्ते थांबतात. दाखला पोचला की थकबाकीसह पुन्हा सुरू होतात. कंपनी स्वीकारत असेल तर ‘जीवन प्रमाण’चा डिजिटल दाखला घरबसल्या काढता येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि वयामुळे ते बऱ्याचदा उमटत नाहीत, तर चेहरा ओळखणाऱ्या ॲपने काढा. दुसरं कारण बँकेचं: बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदलतो किंवा व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय होतं, आणि आलेला हप्ता परत जातो.

कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालेलं पटलं नाही, तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा, नाहीतर विमा लोकपालाकडे जा. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

ॲन्युइटी कुणी घेऊ नये?

ज्यांना सरकारी पेन्शन महागाई भत्त्यासह मिळते आणि तीत घर भागतं, त्यांनी. ज्यांच्या हाती एकूण दहा-पंधरा लाखच आहेत, त्यांनीही. त्यांना आजारपणासाठी तो पैसा हाताशी हवा, आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत ती सगळी रक्कम मावते. डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फेडा. गृहकर्जाचं व्याज ॲन्युइटीच्या दरापेक्षा बहुधा जास्तच असतं. आणि मुलाच्या धंद्यासाठी किंवा मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांत पैसे द्यायचे ठरलेले असतील, तर ते बाजूला काढून मगच कोटेशन मागा.